सुभेदारांची पाच मिनिटं

सुभेदारांनी मला पहिल्याच भेटीत झापलं, ते दह्याच्या डब्यावरून. टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीखाली कचरा ठेवायचा एक कोपरा आहे. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून त्यावर निळी जाळी असते. ऑफिसच्या घाईत मी माझी पिशवी जाळीखाली सरकवली आणि स्टेशनकडे वळले, तोच मागून परेडच्या मैदानावर शोभेल असा आवाज आला, "ओ ताई! डबा धुतल्याला न्हाई!" टोकियोत सकाळी साडेसातला कुणी कुणावर ओरडत नाही, मराठीत तर नाहीच नाही. वळून पाहिलं तर सत्तरी ओलांडलेले एक ताठ गृहस्थ. पांढऱ्या मिशा, अंगात मुलाचं जुनं जॅकेट आणि हातात माझी पिशवी. इथे पिशव्या पारदर्शक असतात, त्यामुळे आतला दह्याचा बरबटलेला डबा चारचौघांना दिसत होता. "हितं पानी हाय, गरम पानी हाय, मग डबा धुवायला काय धाड भरली?" म्हणाले. मी पुण्यात वाढलेली, दोन डिग्र्या मिरवणारी, पंधरा वर्षं जपानी कंपनीत भाषांतरं करणारी बाई, निमूट चौथ्या मजल्यावर परत गेले आणि डबा धुवून आणला. त्यात माझी नेहमीची गाडी चुकली.

सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून ते सगळ्यांचेच सुभेदार. त्यांचा मुलगा संदीप सॉफ्टवेअरमध्ये, सूनही नोकरी करणारी, राहायला आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. बायको वारल्यावर नातीला सांभाळायला म्हणून संदीपने त्यांना इकडे आणलं. इथे आईवडिलांना असं आणून ठेवता येतं, पण नातवंड सात वर्षांचं होईपर्यंतच. त्यानंतर व्हिसा नाही, आजी-आजोबांनी सामान बांधायचं आणि परतायचं. हा नियम इथल्या प्रत्येक देशी घराला तोंडपाठ आहे. मुलांचे सहा वाढदिवस आम्ही दणक्यात करतो, सातवा जरा दबक्या आवाजात. सुभेदार आले तेव्हा नात अन्वी तीन वर्षांची होती, म्हणजे त्यांना चार वर्षं मिळाली होती. हे मला माहीत होतं. मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरले.

कचऱ्याचं खातं त्यांच्याकडे कुणी दिलं नव्हतं, त्यांनी ते घेतलं. वॉर्डाकडून घरोघर एक चित्रांचा तक्ता येतो. जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, बाटल्या-डबे-कागद शनिवारी, न जळणारा महिन्यातून फक्त दोन गुरुवारी. आम्ही तो तक्ता फ्रिजवर चिकटवतो आणि विसरतो. सुभेदारांनी आठवड्यात पाठ केला. जपानीचं एक अक्षर येत नसताना, नुसत्या चित्रांवरून. मग घडी करून छातीच्या खिशात ठेवला आणि रोज सकाळी सहा-साडेसहाला कोपऱ्यावर हजर. बाटलीचं बूच वेगळं, लेबल वेगळं, बाटली वेगळी. "ज्याचं त्याच्या जागी," हे त्यांचं पालुपद. पोरांनी त्यांचं नाव 'गोमी-आजोबा' पाडलं. गोमी म्हणजे कचरा. संदीपला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "बाबा, लोक हसतात," तो म्हणायचा. त्यावर सुभेदार शांतपणे म्हणायचे, "हसू दे की. हसनं कुठल्या वारी टाकायचं ते तक्त्यात लिवलेलं न्हाई."

त्या कोपऱ्यावर त्यांची एक जोडीदारीण होती, उएदा-सान. वय नव्वदीला टेकलेलं, कंबरेतून वाकलेली, हातात बांबूचा झाडू. गेली चाळीस वर्षं तो कोपरा तीच झाडते. या दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि त्यावाचून काही अडत नव्हतं. ते जाळी उचलायचे, ती खाली झाडायची. नंतर दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करायचे, आणि कुणी आधी सरळ व्हायचं यावरून बराच वेळ जायचा. एकदा रविवारी मी सापडले तेव्हा उएदा-सानने मला दुभाषी केलं. "आजोबा सैनिक होते ना? कुठल्या लढाईत?" तिचा प्रश्न मी मराठीत विचारला. सुभेदार म्हणाले, "सांगा तेस्नी, आमी एक शहर सोडवलं. ढाका." मी सांगितलं. उएदा-सान लहान असताना, मोठ्या लढाईच्या शेवटी, विमानांनी हा सगळा भाग एका रात्रीत जाळला होता. तिची आई आणि धाकटा भाऊ त्यात गेले, हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "सोडवल्यानंतर ते शहर उभं होतं का?" मी मराठीत विचारलं. सुभेदार म्हणाले, "व्हय. उभं व्हतं. लोकं गच्चीवर नाचत व्हती." ती म्हणाली, "मग बरं झालं." आणि पुन्हा झाडायला लागली.

ढाक्याची गोष्ट मला त्यांनी तुकड्या-तुकड्यांत सांगितली, कधी जाळीची गाठ सोडवताना, कधी अन्वीला बालवाडीत सोडून परत येताना. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. विमानातून उडी मारली आणि थेट एका तळ्यात पडले. बाहेर आले तेव्हा मांडीला जळवा लटकलेल्या. गावकरी अंधारातून पुढे आले आणि दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन त्यांच्याबरोबर चालायला लागले. शहराच्या अलीकडे एका पुलापाशी त्यांच्या पुढे चालणारे तिघं जण पडले. "मी चौथा व्हतो," ते म्हणाले. "चौथा म्हनून वाचलो. त्यात माझी काय मर्दुमकी न्हाई." मग शहरात शिरले तेव्हा माणसांचा पूर लोटला होता. कुणी गालाला हात लावत होतं, कुणी तोंडात मिठाई कोंबत होतं. एका म्हाताऱ्याने झेंडूचा हार आणला आणि रांगेत सगळ्यांत पुढे असलेल्याच्या गळ्यात घातला. पुढे सुभेदार होते.

"त्यो हार माझा नव्हता, ताई," हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! "त्यो पहिल्याचा व्हता. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा पडला, म्हनून माझ्या गळ्यात आला. मी काय केलं? घातला. वीस वर्साचं पोर, हार घातला आनि हसलो. फोटूबी काढला कुनीतरी." तेव्हापासून दर वर्षी सोळा डिसेंबरला, म्हणजे ते शहर सुटलं त्या दिवशी, सुभेदार त्या तिघांची नावं वाचायचे. नाव, गाव, वय आणि तो माणूस कसा होता याची दोन वाक्यं. फौजेत असताना पलटणीत वाचायचे, निवृत्तीनंतर गावच्या शाळेत, पोरांसमोर. त्याला पाच मिनिटं लागतात, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. मी एकदा सहज म्हटलं, "मला सांगा ना काका, काय नावं होती?" तर माझ्याकडे असं बघितलं की मला तो दह्याचा डबा आठवला. "हितं? कचऱ्याजवळ, झाडू हातात घिऊन? न्हाई ताई. त्या दिवशी, टोपी घालून, चार मानसांम्होरं उभं ऱ्हाऊन घ्यायची असत्यात ती नावं. हार घातलाय मी त्यांचा."

तर वर्षभरात त्यांचा हट्ट एवढाच होता. चार माणसं आणि पाच मिनिटं.

पहिली दोन वर्षं त्यांची सोय रफिकने केली. रफिकचं आमच्या स्टेशनजवळ दुकान आहे. मसाले, मटण, गोठवलेले मासे, कोथिंबीर, सगळा देशी संसार तिथूनच चालतो. तो ढाक्याचा, जन्म लढाईनंतरचा. सुभेदार पहिल्यांदा तिथे हळद घ्यायला गेले आणि गप्पांत ढाक्याचं नाव निघालं, तेव्हा हा गडी काउंटरच्या बाहेर आला आणि त्याने त्यांचे पाय धरले. "चाचा, मेरा नाना छत पे खड़ा था उस दिन," म्हणाला. त्या डिसेंबरात त्यांच्या लोकांच्या कार्यक्रमाला सुभेदारांना पहिल्या रांगेत बसवलं. नेव्ही ब्लू ब्लेझर, छातीवर तीन पदकं, डोक्यावर पलटणीची टोपी. त्यांनी नावं वाचली, समोरची माणसं उभी राहिली. परत आले ते दोन दिवस शीळ घालत होते. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. तिसऱ्या वर्षी अन्वीला ताप होता आणि घरी दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून त्यांनी नावं तिच्या उशाशी उभं राहून वाचली. टोपी घालून. नंतर मला म्हणाले, "एकच मानूस व्हतं, आनि त्येबी झोपल्यालं. न्हाई धरायचं ह्ये वरीस."

चौथं वर्ष शेवटचं. अन्वी जानेवारीत सात पूर्ण करणार होती. त्या नोव्हेंबरात मी रफिककडे रवा घ्यायला गेले होते आणि सुभेदार माझ्या पुढे उभे होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "यंदा किती वाजता यायचं?" रफिक मिरचीच्या पाकिटांची रास नीट लावायला लागला. ती आधीच नीट होती. "चाचा, इस साल रहने दीजिए," तो खाली बघत म्हणाला. "हवा बदल गई है वहाँ. कुछ लड़के लोग बोल रहे, इंडिया का फौजवाला नहीं चाहिए स्टेज पे. मैं अकेला क्या करूँ?" सुभेदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तेरी गलती नहीं बेटा," म्हणाले, आणि हळदीचं पाकीट घेऊन बाहेर पडले. मला मात्र रफिकचा असा संताप आला! जिन्यात मी सुभेदारांना म्हटलं, "कृतघ्न आहेत हो लोक. तुम्ही काळजी करू नका काका. आपलं मंडळ आहे ना! आपली माणसं आहेत. आपल्या गेट-टुगेदरला तुमची पाच मिनिटं पक्की."

'आपली माणसं' हे शब्द मी वापरले. जिन्यातच, छाती पुढे काढून.

आमचं मंडळ म्हणजे इचिकावापासून निशी-कसाईपर्यंतची पन्नासेक मराठी कुटुंबं, आणि त्या वर्षीची कार्यवाह मी. डिसेंबरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी वॉर्डाच्या सभागृहात आमचा मेळा भरतो. ते सभागृह दुपारी एक ते पाच मिळतं, आणि पाच म्हणजे पाच. पाचला खुर्च्या रचलेल्या, फरशी पुसलेली, कचरा वेगवेगळा करून बरोबर घेतलेला आणि किल्ली खिडकीवर दिलेली हवी. एकदा आम्हाला सात मिनिटं उशीर झाला होता, तर पुढच्या वर्षी आमचा अर्ज नम्रपणे, पुन्हा पुन्हा वाकून, नाकारला गेला. त्या वर्षी रविवार पंधरा तारखेला आला, म्हणजे सोळाच्या आदल्या दिवशी. मी कार्यक्रमपत्रिका केली आणि सुभेदारांना शेवटी ठेवलं. संदीपला म्हटलं, "शेवटी ठेवते, म्हणजे सगळे शांतपणे ऐकतील." खोटं. शेवटी अशासाठी ठेवलं की मधे एखादा म्हातारा नावं वाचायला उभा राहिला तर रंग जातो, लोक पावभाजीकडे वळतात. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

सुभेदार पाऊण वाजता हजर. इस्त्रीचा ब्लेझर, पदकं, टोपी, खिशात घडी घातलेला कागद. दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले ते चार तास हलले नाहीत. पावभाजीची प्लेट घेऊन मी गेले तर म्हणाले, "आधी काम, मग जेवन." गणेशवंदना झाली. छोट्यांची वेशभूषा स्पर्धा झाली. त्यात तीन मावळे आणि दोन पोकेमॉन होते, आणि परीक्षकांनी सगळ्यांना पहिलं बक्षीस दिलं. प्रश्नमंजुषा झाली, तंबोला झाला. मग बायकांचा आठ मिनिटांचा नाच झाला. फारच सुंदर झाला, मीही होते त्यात. संपल्यावर टाळ्या वाजल्या आणि आमच्यातल्या एकीचा नवरा ओशाळून पुढे आला. त्याच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आलाच नव्हता, चुकून नुसता एक फोटो निघाला होता. सगळ्या बायका एकदम "अय्याऽऽ, असं कसं!" म्हणाल्या. महिनाभर तालीम केली होती हो! पोरांनी ओरडा सुरू केला, "वन्स मोअर!" मी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून एकोणचाळीस. मी सुभेदारांकडेही पाहिलं. ते कागद हातात घेऊन तयार बसले होते. आणि मी साउंडवाल्याला खूण केली, "लाव परत."

आठ मिनिटं आम्ही नाचलो. व्हिडिओ छान आला आहे, अजून ग्रुपवर आहे.

पाचला दहा कमी असताना सभागृहाचा कर्मचारी दारात येऊन उभा राहिला. बोलला काही नाही, नुसता हसत उभा राहिला, ते जास्त वाईट असतं. मी पळत सुभेदारांकडे गेले. घामाघूम, अंगात नऊवारी, केसांत गजरा. "काका, सॉरी हं, खरंच सॉरी. वेळच उरला नाही. पुढच्या वर्षी नक्की! पुढच्या वर्षी पहिलाच नंबर तुमचा!" पुढच्या वर्षी! अन्वीच्या सातव्या वाढदिवसाला एक महिना उरला होता. संदीप शेजारीच उभा होता. तो मोबाइलकडे बघत "हो हो, पुढच्या वर्षी, बाबा" म्हणाला. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर आज मला बरं वाटलं असतं. नवीन रंगरूटाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाले, "हुकूम." कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. अन्वीने त्यांची बाही ओढून जपानीत विचारलं, "जीजी, संपलं?" जीजी म्हणजे आजोबा. 'संपलं' हा जपानी शब्द तेवढा त्यांना कळायचा. ते मराठीत म्हणाले, "व्हय बाळा. संपलं."

आणि मग त्यांनी आमचा कचरा आवरायला घेतला. प्लेटा, चमचे, बाटल्या, बटाट्याची सालं, बक्षिसांचे चमचमते कागद. ब्लेझर तसाच, टोपी तशीच. वाकले की छातीवरची पदकं एकमेकांवर आपटायची. बरोब्बर चार पिशव्या, चार प्रकार. आम्ही पाचला एक मिनिट कमी असताना किल्ली दिली. कुणीतरी त्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. पदकं लावलेले सुभेदार, दोन्ही हातांत कचऱ्याच्या पिशव्या. खाली लिहिलं होतं, 'आमचे स्वच्छतादूत!' त्याला धडाधड अंगठे पडले. त्यात एक माझा आहे. रफिकला मी कृतघ्न म्हटलं होतं. अहो, त्याची निदान मान खाली होती.

सोमवारी सोळा डिसेंबर. त्या दिवशी सुभेदार कोपऱ्यावर दिसलेच नाहीत, चार वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, दमले असतील. मंगळवारी दिसले. जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस होता. एक लहानशी पिशवी त्यांनी जाळीखाली ठेवली आणि वरून जाळी नीट केली. मी घाईत होते. "गुड मॉर्निंग, काका," म्हटलं आणि माझी पिशवी त्यांच्या पिशवीवर टाकली. "गुड मॉर्निंग," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी दाराची घंटा वाजली. उएदा-सान. इतक्या वर्षांत ती माझ्या दारात कधी आली नव्हती. लिफ्टची वाटही न बघता जिने चढून आली होती आणि धापा टाकत होती. हातात एक पारदर्शक पिशवी. तो न जळणाऱ्या कचऱ्याचा गुरुवार होता. पिशवीत पट्ट्याचं बक्कल, टोपीवरचा पितळी बिल्ला आणि तीन पदकं. नुसता धातू. फिती कात्रीने सरळ कापून काढलेल्या. सुभेदारांनी शिकवलं होतं ना आम्हाला, कापड वेगळं, धातू वेगळा, ज्याचं त्याच्या जागी. उएदा-सानने पिशवी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि हळूच, सुभेदारांची लाज राखत असल्यासारखं म्हणाली, "आजोबांच्या हातून चूक झाली आहे. पहिल्यांदाच."

पिशवी घेऊन मी दारातच बसले. मग एकदम मंगळवारची लहान पिशवी आठवली. कापड आणि कागद जळणाऱ्यात जातात. फिती मंगळवारी गेल्या. तो घडीचा कागदही मंगळवारी गेला, माझ्या भाजीच्या देठांखाली.

त्यानंतर ते जाईपर्यंत मी जिना टाळायला लागले आणि लिफ्टने जायला लागले. खरं तेच सांगते. पदकं घेऊन दुसऱ्या मजल्यावर जायचं धैर्य मला झालं नाही. वाढदिवस झाला, सुभेदार गावी गेले. विमानतळावर संदीप एकटाच गेला होता. मार्चमध्ये मी कसाबसा गावी फोन लावला. आवाज तसाच, खणखणीत. म्हटलं, "काका, तुमची पदकं माझ्याकडे आहेत. मी पाठवते." म्हणाले, "कशाला? टाकल्याली वस्तू परत घरात आनायची न्हाई." मग मी रडायलाच लागले. "काका, मी चुकले. माझं फार चुकलं. ती नावं मला सांगा. मी लिहून घेते. या डिसेंबरात मी स्वतः वाचते, सगळ्यांत आधी वाचते." मग ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात, टोमणा म्हणून नाही, माझ्या सोयीसाठी म्हणावं तसं, "ऱ्हाऊ द्या, ताई. त्याला पाच मिन्टं लागत्यात." गॅसवर दूध ठेवलंय म्हणाले आणि फोन ठेवला.

जूनमध्ये सुभेदार गेले. झोपेतच. संदीप तीन दिवसांसाठी जाऊन आला. मी त्याला विचारलं, "तुला तरी आठवतात का रे ती नावं? लहानपणापासून ऐकलीस तू." "एक कुणीतरी जाधव होता," म्हणाला. "की जगदाळे? एक बहुतेक खटावचा." अन्वीला विचारलं तर ती जपानीत म्हणाली, "मी झोपले होते." गावच्या शाळेत फोन केला. तिथे वाचून झालं की सुभेदार कागद घडी करून परत खिशात ठेवत, एवढंच गुरुजींना आठवत होतं. रफिककडे गेले. सुभेदार गेल्याचं ऐकून तो स्टुलावर बसला आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. "दो साल सुना, दीदी. खड़ा होके सुना. याद नहीं रखा. वीडियो था, वो फोन ही बदल गया." पलटणीची यादी कुठेतरी असेलच, दगडावर कोरलेलीही असेल. पण शेकडो नावांतली त्या पुलावर त्यांच्या पुढे चालणारी तीन कुठली, हे त्या दगडाला काय माहीत?

यंदाच्या डिसेंबरात कार्यवाह मी नव्हते, तरी भांडून पाच मिनिटं मागून घेतली. शेवटी नाही, नाचाच्या आधी. रफिक आला होता, मागे दाराशी उभा. उएदा-सानलाही घेऊन आले होते, तिला पहिल्या रांगेत बसवलं. मी उभी राहिले. टेबलावर तीन पदकं ठेवली, फितींशिवाय. म्हटलं, "एक शहर होतं. ते सोडवायला निघालेले तिघं जण त्या शहरात पोचले नाहीत. चौथे पोचले, ते आपल्याकडे चार वर्षं होते, आपला कचरा वेगळा करायचे. ते दर वर्षी त्या तिघांची नावं वाचायचे." एवढं बोलले आणि पुढे वाचायला माझ्या हातात काही नव्हतं. मी तशीच उभी राहिले. मग मागून कुणीतरी दबकत विचारलं, "झालं का?" आणि मी खाली बसले. जेमतेम दीड मिनिट झालं होतं.

संध्याकाळी किल्ली द्यायला गेलो तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने घड्याळ पाहिलं, उठून वाकला आणि म्हणाला, "यंदा तुमच्या मंडळाने वेळ फार छान पाळली."